पणजी सापडली कोतवाल बुकात
घराण्याची वंशावळ शोधताना नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढ्या लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांत पाच-सात पिढ्या सहज मिळतात असं म्हणतात, ते खरंच. पण आमच्या पानावर नुसते बापे! माझी पणजी सापडली ती तहसील कचेरीतल्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत. मोडीतली फिकट ओळ, साल १९१८, कारण 'ताप'. त्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेले कितीतरी जण सरकारी दप्तरात असेच तापाच्या खाती पडलेत. तेव्हा कारणावर फार विसंबू नका, त्या महिन्यात गावच्या मृत्यूंच्या ओळी किती आहेत ते मोजा. आमच्या गावची दोन पानं भरली होती.

आणि मोडी वाचणारा सोबत न्याच. मी अटकळीने वाचून आठवडाभर भलत्याच घराण्यामागे फिरत होतो.