बँकॉकचा मोकळा दिवस : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०४ : सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीतील चौदा जण मे महिन्यात थायलंडला निघाले आहेत, हे आपण जाणताच. सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात बँकॉकमधील एक पूर्ण दिवस मोकळा ठेवलेला आहे. गटात सहा ज्येष्ठ नागरिक, दोन जैन कुटुंबे आणि तीन शाळकरी मुले असल्यामुळे त्या दिवशी काय पाहावे आणि मुख्य म्हणजे काय खावे, हे येथेच ठरलेले बरे. सी-२०३ मधील ताई गेल्या वर्षी तेथे कोणत्याही कंपनीशिवाय फिरून आल्या आहेत. त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सी-२०३ : नमस्कार काका. माझे पहिले सांगणे असे की दिवस नदीच्या काठाने आखावा, रस्त्याने आखू नये. बँकॉकच्या रस्त्यांवर टॅक्सी तासन्‌तास अडकून पडते. चाओ फ्राया नदीतली प्रवासी बोट मात्र लोकलसारखी थांबे घेत जाते. साफान ताक्सिन हे उन्नत रेल्वेचे स्थानक नदीकाठीच आहे. खाली उतरले की साथोन धक्का लागतो, तेथून नारिंगी झेंड्याची बोट घ्यावी आणि था चांग धक्क्यावर उतरावे. राजवाडा तेथून चालत काही मिनिटांवर आहे. तो सकाळी साडेआठला उघडतो आणि त्याच वेळी आत शिरलेले चांगले, कारण मे महिन्यात दहानंतर तेथील फरशी आणि ऊन दोन्ही सोसवत नाहीत.

राजवाड्याचे तिकीट आम्ही गेलो तेव्हा माणशी ५०० बात होते. रक्कम मोठी आहे, तरी हे एक ठिकाण मी गाळू देणार नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम तेथे कसोशीने पाळला जातो, तेव्हा मुलांना बर्म्युडा घालून आणू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राजवाड्याच्या आसपास एखादा अगदी सभ्य दिसणारा गृहस्थ "आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरी देवळे दाखवतो" असे सांगून रिक्षात बसवू पाहतो. राजवाडा बहुधा उघडाच असतो आणि रिक्षा शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानासमोर थांबते. त्याला नमस्कार करावा आणि सरळ प्रवेशद्वारापर्यंत चालत जावे.

डी-५०१ : ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नये. देवळे आपल्याकडे काय कमी आहेत? उन्हातान्हात ज्येष्ठांना हिंडवण्यापेक्षा एखाद्या वातानुकूलित मॉलमध्ये दिवस काढला तर खरेदीही होईल आणि मुलेही रमतील.

सी-२०३ : भाऊ, मॉल आपल्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. राजवाड्याच्या आवारातील वात फ्रा केओ मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये मात्र १७८ चित्रचौकटींतून संपूर्ण रामायण रंगवलेले आहे, आणि ते आपल्या ओळखीचे असूनही आपले नाही, हीच त्यातली गंमत आहे. तेथे रामायणाला 'रामकियन' म्हणतात आणि रावणाला 'तोसकन', म्हणजे आपला दशकंठ. हनुमान शुभ्रवर्णी आहे. पण ब्रह्मचारी नाही, उलट चांगला रसिक आहे. लंकेला वेढा घातलेल्या सैन्याच्या चित्रांत एका कोपऱ्यात स्वयंपाक चाललेला असतो, दुसऱ्या कोपऱ्यात कोणी झोपलेले असते. मुलांना कथा ठाऊक असल्यामुळे फरक शोधण्यात त्यांचा तासभर सहज जाईल आणि ओवऱ्यांना छत असल्यामुळे ज्येष्ठांनाही सावली मिळेल. गाभाऱ्यातील बुद्धमूर्ती पाचूची म्हणून प्रसिद्ध असली तरी ती हिरव्या दगडाची आहे, उंचीने जेमतेम ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंना तिची वस्त्रे बदलतात. हे शहर १७८२ साली राजधानी झाले, ते वसवणारा राजा पहिला राम म्हणून ओळखला जातो आणि आजचे राजे दहावे राम आहेत. शहराचे थाई नाव 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी. त्या नावाचे पूर्ण रूप इतके लांबलचक आहे की त्यात इंद्र आणि विश्वकर्मा दोघेही येऊन जातात.

ए-१०२ : माझ्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन एकच वर्ष झाले आहे. पायऱ्या किती आहेत, तेवढे कृपया कळवावे.

सी-२०३ : काका, राजवाड्यात पायऱ्या थोड्या आहेत. तेथून दक्षिणेला चालत गेले की वात फो हे मंदिर लागते. तेथे तर बसायला जागा पुष्कळ आहे. पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या नक्षीत १०८ शुभचिन्हे जडवलेली आहेत आणि भिंतीलगत १०८ कांस्यपात्रे मांडलेली आहेत. सुट्टी नाणी घेऊन एकेका पात्रात एकेक टाकत जायचे असते. तो खणखणाट मला आजही ऐकू येतो. थाई मालिशचे जुने शिक्षण याच मंदिराशी जोडलेले आहे, आणि तेथील मालिश करणारे वैद्य ज्याला आपला आद्यगुरू मानतात तो बुद्धांचा वैद्य जीवक होय. आवारातच मालिशची सोय आहे, ती आपण आपल्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

समोरच्या तीरावरील वात अरुण, म्हणजे सूर्याच्या सारथ्याच्या नावाचे मंदिर, था तियन धक्क्यावरून नावेने पाच मिनिटांत गाठता येते. त्याच्या मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची फुले बसवलेली आहेत. त्याच्या पायऱ्या मात्र शिडीसारख्या उभ्या आहेत. ज्यांना चढायचे नाही त्यांनी अलीकडच्या तीरावर बसूनच ते पाहावे, आणि माझ्या मते सूर्यास्ताच्या वेळी ते येथूनच अधिक सुंदर दिसते.

बी-३०१ : ताई, आमच्या दोन्ही घरांची अडचण आपण जाणता. कांदा, लसूण आणि कंदमुळे आम्हाला चालत नाहीत. रस्त्यावरचे काहीच खाता येणार नसेल, तर आम्ही ठेपले आणि खाकरे घेऊन निघू.

सी-२०३ : ठेपले अवश्य घ्या, कारण प्रवासात उशीर होतोच, परंतु केवळ ठेपल्यांवर दिवस काढण्याची वेळ येणार नाही. तेथे दोन शब्द पाठ करावेत. 'मांगसवीरात' म्हणजे आपलेच 'मांसविरती', पण त्यात अंडे आणि दूध चालते आणि विक्रेत्याच्या मनात माशाचे पाणी हे मांस नसते, त्यामुळे फसगत होते. दुसरा शब्द 'जे'. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो आणि आपल्या दृष्टीने तोच खरा भरवशाचा आहे. चिनी वंशाच्या लोकांच्या या व्रताहारात मांस, मासे, अंडी आणि दूध तर वर्ज्य आहेतच, शिवाय कांदा आणि लसूणही वर्ज्य आहेत. कंदमुळे चालतात, तेव्हा बटाटा आणि मुळा यांविषयी वेगळे विचारावे लागेल. शरद ऋतूत नऊ दिवस हे व्रत सारे चायनाटाउन पाळते आणि ते बहुधा आपल्या नवरात्राच्या आगेमागेच येते. मे महिन्यात एवढी रेलचेल नसते, पण 'जे'च्या पट्ट्या तेव्हाही दिसतात.

'नाम प्ला', म्हणजे माशाचे पाणी, हा तेथला मिठाचा पर्याय आहे. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे सोम तामात, ते असते आणि वर सुकट असते. फात थाय नावाच्या चिंचेच्या नूडल्समध्येही तेच. त्यामुळे नुसते "चिकन नको" म्हणून काम भागत नाही.

डी-५०१ : मग राहिले काय? भात आणि पाणी?

सी-२०३ : भाऊ, नारळ राहिला, आणि कोकणातल्या माणसाने असे विचारावे याचे मला नवल वाटते. 'खनोम क्रोक' नावाचा पदार्थ तेथे अगदी आपल्या आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात करतात. तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध घालून कडा कुरकुरीत होऊ देतात, मधला भाग मऊच ठेवतात आणि दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर लावून देतात. त्यावर कधीकधी कांद्याची पात असते, तेव्हा बी-३०१ मधील मंडळींनी साधा किंवा मक्याचे दाणे घातलेला मागावा. 'खनोम बुआंग' हे छोटे कुरकुरीत घावन दिसायला मोहक असतात, पण त्यावरील सोनेरी शेवया अंड्याच्या बलकाच्या असतात आणि पांढऱ्या मलईतही बहुधा अंडे असते. हे मला पहिला घावन खाऊन झाल्यावर कळले. गोकर्णीच्या फुलांचे निळे सरबत मिळते. त्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. मुले त्यासाठीच पुन्हा पुन्हा मागतात.

आंबा आणि चिकट भात मे महिन्यात चुकवू नये, कारण हा तेथल्या आंब्याचाही हंगाम आहे. तेथला नाम दोक माय आंबा लांबट, पिवळा आणि बिनरेषांचा असतो. हापूसशी तुलना करून वाद घालू नये. वाफवलेल्या चिकट तांदळात साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले नारळाचे दूध मुरवतात आणि वरून भाजलेली मुगाची डाळ भुरभुरतात. आपल्या नारळीभाताचा हा दूरचा नातेवाईक आहे, फक्त यात लवंग नाही.

दुपारचे जेवण पाहुरात भागात घ्यावे. तेथे मोठा गुरुद्वारा आहे, कापडबाजार आहे आणि भारतीय शाकाहारी जेवण मिळते. सानाम चाय हे मेट्रोचे स्थानक वात फोच्या जवळच आहे. त्यापुढचे साम योत पाहुरातसाठी आणि त्यापुढचे वात मांगकोन चायनाटाउनसाठी. म्हणजे टॅक्सीची गरजच नाही. संध्याकाळी 'याओवारात' या चायनाटाउनमधील रस्त्यावर दिवे लागले की खाण्याच्या गाड्या लागतात. मांसाचे आणि माशांचे वास तेथे पदोपदी येतात, हे आधीच सांगते. पण भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस आणि आल्याच्या गरम पाण्यात सोडलेले काळ्या तिळाचे लाडू हे मी तेथेच खाल्ले. त्या आल्याच्या पाण्याने ए-१०२ काकांना त्यांच्या आईच्या काढ्याची आठवण येईल.

ए-१०४ : अतिशय उपयुक्त माहिती. मी आत्ताच कार्यक्रमपत्रिका पाहिली. आपला मोकळा दिवस सोमवार आहे.

सी-२०३ : काका, मग दिवस बदलून घ्यावा लागेल. सोमवारी बँकॉकमध्ये पदपथांच्या सफाईसाठी फेरीवाले सुट्टी घेतात. याओवारातवरच्या अनेक गाड्या त्या दिवशी लागतच नाहीत. देवळे उघडी असतील, परंतु संध्याकाळ वाया जाईल.

ए-१०४ : मंगळवारी खरेदीचा दिवस लावलेला आहे. तो सोमवारी घ्यावा आणि मंगळवार मोकळा ठेवावा, असे मी आजच कंपनीला कळवतो. कोणाची हरकत असल्यास सांगावे.

ए-१०२ : मला सोयीचेच आहे. सोमवारी माझा उपवास असतो. अडचण एवढीच, की मंगळवारी हिचा असतो.

सी-२०३ : काकूंना आंबा चालेल, काका. चिकट भात मात्र उपवासाला चालणार नाही.

ए-१०२ : तो मी संपवीन.