मदत हवी आहे: बेदाण्याच्या घरातल्या कुत्रीला खाऊ म्हणून काय द्यावं?

नमस्कार. आमचं गाव तासगाव तालुक्यात, घरचीच द्राक्षबाग आणि घरचाच बेदाणा. सध्या शेडवर रात्रंदिवस काम चालू आहे. आमची चिमी चार वर्षांची, गावठी, वजन 11 किलो. पिल्लू असल्यापासून तिचा मुक्काम शेडवरच.

गेल्या सोमवारी रॅक झाडायचं काम चाललं होतं. जाळी हलवली की माल खाली ताडपत्रीवर पडतो आणि थोडा कडेला उडतो. चिमी त्या कडेलाच बसलेली. गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही, त्यामुळे किती खाल्ले ते सांगता येत नाही. संध्याकाळी तिनं तुळशीपाशी उलटी केली. मी वर राख टाकायला गेले तर उलटीत अख्खे बेदाणे, भिजत घातल्यासारखे टम्म फुगलेले. रात्री आणखी दोनदा उलटी झाली आणि पाणीसुद्धा पिईना.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मिठाचं पाणी पाज, सगळं बाहेर पडेल. मी तांब्या भरलासुद्धा होता. नशिबानं त्याआधी सांगलीच्या डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, मिठाचं पाणी अजिबात पाजू नका, त्यानं वेगळाच धोका होतो, आत्ताच्या आत्ता घेऊन या. दोन दिवस सलाईन लावलं, रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या. दोन्ही वेळा किडनीचे आकडे बरे आलेत. तिसरी तपासणी परवा आहे. ती आता खाते, हिंडते, पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

खरी अडचण पुढं आहे. मामा (माझे सासरे) रोज सकाळी चहा झाला की खिशातून चार-पाच बेदाणे काढून तिला हातावर देतात. ती त्याशिवाय पायरीवरून उठत नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं तर मामा म्हणतात, "चार वर्षं खातीय, आजवर काय झालं का? आमच्या हातचं खाऊन कोण मेलंय?" त्यांचा तिच्यावर फार जीव आहे. ती दवाखान्यात होती त्या दोन रात्री ते जेवले नाहीत. म्हणून त्यांना दुखवायचं नाही, पण बेदाणा तर थांबवायचाच आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मामांना पटेल असं कसं सांगू? आणि सकाळी त्यांनी तिला हातावर द्यायचं तर काय द्यायचं? घरात केळी, पपई, गाजर, काकडी, कलिंगड, भोपळा असतंच. आंबाही सुरू होईल. शिवाय तिला रोज आमच्यातलीच आमटी-भाकरी असते, ती चालेल का?

प्रतिसाद

ताई, वेळेवर नेलंत ते फार चांगलं केलंत. मी पशुवैद्य आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

द्राक्ष असो, मनुका असो की बेदाणा, कुत्र्याची किडनी त्यानं बंद पडू शकते. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल प्रत्येक वाणात आणि फळाच्या पक्वतेनुसार कमी-जास्त असतं. म्हणून एक कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं आणि दुसरं थोडक्यात आजारी पडतं. अमुक इतके चालतील असा आकडा कुणीच देऊ शकत नाही. उलटी पहिल्या दिवसात होते, किडनीवरचा परिणाम एक ते तीन दिवसांत दिसतो. तिसरी तपासणी त्यासाठीच आहे, ती चुकवू नका.

मामांना त्यांच्याच धंद्याच्या हिशोबानं सांगा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाणी उडून जातं, आम्ल मागं राहतं. म्हणजे हातावरचे पाच बेदाणे म्हणजे पाच मणीच, पण ते एका घासात जातात आणि ताटभर द्राक्षांचं मूठभर होतं. ती चार वर्षं वाचली यात तिचं नशीब होतं. सोमवारी काय झालं ते तुम्ही बघितलंतच.

हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. त्यामुळे चिंच-गुळाची आमटी तिला नको. त्याहून मोठी काळजी आपल्याकडच्या कांदा-लसूण चटणीची. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलेला, वाळवलेला, कुटलेला, कसाही असला तरी तेच. परिणाम लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, कुत्रं दमतं, लघवी लालसर होते, तोवर आमटीचा कुणाला संशयही येत नाही. आपल्या भागात हे घरोघरी चालतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. भाकरी द्या, पण फोडणीआधी बाजूला काढलेल्या साध्या वरणात किंवा बिनमसाल्याच्या उकडलेल्या अंड्याबरोबर.

आता खाऊ. गाजर, काकडी, घेवड्याच्या शेंगा आणि साधा वाफवलेला लाल भोपळा बिनधास्त द्या. गाजर कच्चं असेल तर बारीक काप करा, मोठा तुकडा घशात अडकतो. कलिंगड बिया आणि साल काढून, पपई बिया काढून, सफरचंद बियांचा गाभा काढून. केळं चालतं पण गोड असतं. खाऊ दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवायचा असतो. 11 किलोच्या कुत्रीला त्या हिशोबानं अर्ध्या केळ्यातच दिवसाचा खाऊ संपतो. काकडीला तशी काळजी नाही.

प्रतिसाद

आंब्याचं विचारलंत म्हणून लिहिते. गर थोडासा चालतो, पण कोय तिच्या वाटेलाही जाऊ देऊ नका. आम्ही रत्नागिरीकडचे. मे महिन्यात मागीलदारी कोयींचा ढीग असतो, आणि आमच्या कुत्र्यानं त्यातली एक गिळली. तीन दिवस नुसती उलटी आणि पोट कडक. फोटो काढला तर कोय आतड्यात आडवी बसलेली. पोट फाडून काढावी लागली. बाई, तो सकाळी टेबलावर पडला होता तेव्हा माझा हात सोडत नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे कोयी झाकणाच्या डब्यात जातात. दाणे खाऊन टाकलेलं कणीसही असंच अडकतं, तेही उघड्यावर टाकू नका.

धागाकर्ती

डॉक्टरसाहेब, ताई, मनापासून आभार. आमटीचं वाचून हातपाय गळाले. आमच्याकडे चटणीशिवाय कालवण होतच नाही आणि ती रोज तेच खात होती. आजपासून तिचं वरण वेगळ्या पातेल्यात काढते. उद्या रक्ताच्या तपासणीत तांबड्या पेशीही बघायला सांगणार आहे.

चार किलोला एक किलो हे मामांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं गोठ्यातलं जुनं दावं घेऊन शेडवर गेले आणि झाडणी असेल तेव्हा तिला बांधायला लांब, लिंबाच्या सावलीत खुंटा ठोकला. आज सकाळी चहा झाल्यावर त्यांच्या खिशातून गाजराचे काप निघाले. चिमीनं एक हुंगला, तोंड फिरवलं. मामांनी तो स्वतः थोडा चावून पुन्हा पुढं केला, मग घेतला.

एक राहिलंच. परवा घरी सत्यनारायण आहे, म्हणजे बेदाणे घातलेला शिरा. पाहुण्यांच्या पोरांच्या हातून प्रसाद खाली सांडणारच. तेवढ्यापुरता शिरा बिनबेदाण्याचा केला तर चालेल का, की तिला दिवसभर मळ्यावरच ठेवू? तिसऱ्या तपासणीचा आकडा हाती आला की इथंच लिहिते.