सायकल रेस बघायला नेमकं कुठं उभं राहायचं?

रावेरचा_केळीवाला: जानेवारी २०२६ ला पुणे ग्रँड टूर झाली ना, ४३७ किमीची, ती मी मोबाईलवरच बघितली. पुढच्या वेळी मित्रांना घेऊन जायचा विचार आहे, आपली भारताची पोरं पळवताना समोरून बघायची. पण एक कळत नाही भो, आपला गडी घोळक्यात चाळिसावा आला तरी पहिल्याइतकाच टाइम कसा काय धरतात?

धुळेकर७७: घोळका सलग आला, मधे गॅप नाही पडला, तर सगळ्यांना एकच टाइम. नाहीतर सगळे शेवटी धक्काबुक्की करून पडतील. रोजच्या टाइमची बेरीज करून लीडर ठरतो, म्हणून खरा फरक घाटात पडतो, तिथं गॅप पडला की संपलं.

चाळीसगाव_एक्सप्रेस: भाऊ सपाट रस्त्यावर उभे राहू नका!! रंग दिसतात, चाकांचा सर्रर्र आवाज येतो आणि मागून टपावर सायकली लावलेल्या गाड्या, खेळ खल्लास. चढावर थांबा, आपल्या कन्नड घाटासारख्या, तिथं स्पीड पडतो, चेहरे दिसतात, नंबरवरून गडी ओळखता येतो. नावांची यादी आधीच मोबाईलमधे ठेवा. रस्ता लवकर बंद करतात म्हणून सकाळीच जागा धरायची, सोबत कळण्याची भाकरी न ठेचा.

रावेरचा_केळीवाला: भाकरीचं फिक्स, केळी माझ्याकडून 😄 सायकलवाले पण खातात म्हणे, पण हातात द्यायची चालते का?

धुळेकर७७: अजिबात नको, त्यांची टीम देते. तुम्ही फक्त ओरडा.