तगड्या खेळाडूशी पडलेला डाव : तुमचे अनुभव

बुद्धिबळाच्या स्विस स्पर्धेत कोणी बाद होत नाही, फेरीगणिक साधारण सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात. तिच्या पहिल्या फेरीत मानांकन यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो. म्हणजे पहिलाच डाव आपल्याहून तगड्या नाहीतर कच्च्या खेळाडूशी. त्या डावात पटावर काय घडलं ते लिहा. निकाल काहीही असो.

सांगलीहून
समोरच्याचं रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) १९००, माझं १५००, मी काळ्यांनी. शेवटी त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. पण माझा राजा प्याद्याच्या वाटेत ठाण मांडून. सरांनी घोटून घेतलेली फिलिडॉरची स्थिती, म्हणजे असा डाव बरोबरीत सोडवायची ठरलेली रीत! हत्ती सहाव्या पट्टीवर (पांढऱ्यांकडून मोजलेली सहावी आडवी रांग) धरायचा, त्याच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं सहावीवर आलं रे आलं की हत्ती थेट पहिल्या पट्टीवर न्यायचा आणि मागून शहावर शह. आडोसा देणारं प्यादंच पुढे सरकलेलं, राजा लपणार कुठे? तो बराच वेळ हत्ती इकडून तिकडे हलवत बसला. चालीमागे ३० सेकंद वाढत होते, त्यामुळे मलाही घाई नव्हती. अखेर त्यानं प्यादं ढकललं, मी हत्ती खाली नेला, दोन-चार शहांनंतर त्यानं बरोबरीसाठी हात पुढे केला. फरक ४०० चा, म्हणून या अर्ध्या गुणाचे रेटिंगमध्ये ८.४ मिळाले.

पुण्याहून
मी बहुधा वरच्या अर्ध्यात असतो. कच्च्या खेळाडूशी डाव गुंतागुंतीचा करा असं सांगतात, मला ते पटत नाही. आजची दहा वर्षांची मुलं रोज कोडी सोडवतात, त्यांना डावपेच पटकन दिसतात. मी लवकर वजिरावजिरी (वजिराच्या बदल्यात वजीर) करतो आणि एंडगेममध्ये, म्हणजे मोजके मोहरे उरल्यावर, जिंकायला बघतो.

नागपूरहून
आमच्या दिव्या देशमुखचं नाव घ्यायलाच हवं. जुलै २०२५, बाटुमी, महिला विश्वचषक. दिव्याचं मानांकन १५वं आणि अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, जी दिव्याच्या जन्माआधीच, २००२ मध्ये, ग्रँडमास्टर झालेली! दोन्ही क्लासिकल (जास्त वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे निकालासाठी खेळलेल्या कमी वेळेच्या डावांत, दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टर किताबही तिथेच मिळाला. माझी लेक त्यानंतर समोरच्याचं रेटिंग विचारत नाही, सरळ पटावर जाऊन बसते.

ठाण्याहून
मी एका आंतरराष्ट्रीय मास्टरशी (ग्रँडमास्टरच्या खालोखालचा किताब) हरले. डाव संपल्यावर त्यांनी मोहरे पुन्हा मांडले आणि माझा उंट कुठे हवा होता ते शांतपणे दाखवलं. एवढ्या मोठ्या खेळाडूनं दिलेला तो वेळ मला फार मोलाचा वाटतो. सांगलीकर, ते प्यादं कोणत्या फाइलवर (उभ्या रांगेत) होतं? मुलाला तीच स्थिती मांडून द्यायची आहे.