मदत हवी आहे: वयस्कर आई-बाबांसोबत मुंबई–गोवा छोटी क्रूझ, नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

अबोली

नमस्कार.

येत्या जानेवारीत आमच्या आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. समारंभ नको, त्यापेक्षा एकदा समुद्रावरून गोव्याला जाऊन येऊ, अशी इच्छा बाबांनी स्वतःहून बोलून दाखवली आणि तेव्हापासून आम्ही भावंडे मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या क्रूझची माहिती काढत आहोत. कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१पासून मुंबईहून अशा फेऱ्या करते, एवढे कळले. जाहिरातींत मात्र तरणतलाव, कॅसिनो आणि रात्रीचे नाचगाणे एवढेच दिसते. आम्हाला पडलेले प्रश्न वेगळे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. बाबा ७७ वर्षांचे आहेत आणि त्यांचे बालपण देवगडला गेले. त्या काळी मुंबईला येणे-जाणे बोटीनेच होत असे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत देवगडला यायची, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. भोंगा ऐकू आला की अर्धे गाव बंदरावर जमत असे, हे बाबांनी आम्हाला इतक्यांदा सांगितले आहे की तो भोंगा आम्ही स्वतः ऐकला आहे असेच वाटते. आईची आठवण अगदी उलट आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात तिला बोट लागली, रात्रभर तिने डोके वर उचलले नाही आणि पुढे ती सेवा बंद होईपर्यंत ती शक्यतो एस.टी.नेच गेली. आता ती ७२ वर्षांची आहे. बाबांची इच्छा मोडवत नाही म्हणून ती ‘हो’ म्हणाली आहे, पण मनातून घाबरलेली आहे हे मला दिसते.

माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा आहे की एवढ्या मोठ्या जहाजावर हेलकावे कितपत जाणवतात आणि ज्याला पूर्वी बोट लागलेली आहे, अशा माणसाला घेऊन जाणे योग्य ठरेल का? दुसरा प्रश्न खोलीचा. खिडकी नसलेली आतली खोली, खिडकीची खोली आणि सज्जाची खोली यांच्या दरांत बराच फरक आहे, आणि तो पैसा खर्च करण्यात अर्थ आहे की नाही, हे अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचे आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेह आहे आणि त्यांना रात्री साडेसातला जेवावे लागते. तेव्हा चालणे, न्हाणीघर, जेवणाच्या वेळा आणि औषधे यांविषयीही कृपया लिहावे. गोव्यात जे काही तास मिळतात, त्यांत आईला मंगेशीला नेता आले तर तिच्या दृष्टीने प्रवासाचे सार्थक होईल. ते शक्य आहे का?

नीलपक्षी

अबोलीताई, आई-बाबांना आधीच शुभेच्छा देते. गेल्या फेब्रुवारीत मी माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन हाच प्रवास केला, त्यामुळे तुमचे प्रश्न मला अगदी जवळचे वाटले.

बल्लार्ड पिअरचा क्रूझ टर्मिनल म्हणजे विमानतळासारखाच प्रकार असतो. ऑनलाइन चेक-इन आधी करून ठेवायचे, मूळ ओळखपत्रे सोबत ठेवायची आणि दिलेल्या वेळेतच पोहोचायचे. मोठ्या बॅगा तिथे घेतात, त्यांवर खोलीचा क्रमांक असलेली चिठ्ठी बांधतात आणि त्या नंतर खोलीत येऊन पोहोचतात. यात दोन-तीन तास सहज जातात, म्हणून बाबांची औषधे, साखर तपासण्याचे यंत्र, आईचा चष्मा, एक शाल आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा. गुडघेदुखी आहे हे आरक्षण करतानाच कळवून चाकांच्या खुर्चीची विनंती नोंदवावी. टर्मिनलमधील रांगा आणि जहाजावर चढण्याचा उतार हाच सगळ्यांत थकवणारा भाग आहे. एकदा आत गेलात की उद्वाहने आहेत. मात्र जहाज लांबलचक आहे, सुमारे २११ मीटर, आणि जेवणघर एका टोकाला व खोली दुसऱ्या टोकाला आली तर दिवसातून चार-सहा वेळा ते अंतर कापावे लागते. म्हणून खोली उद्वाहनाजवळची मागून घ्या.

खोली लहान असते, हे मनाशी धरूनच जावे. न्हाणीघर तर इतके लहान की वळायलाही विचार करावा लागतो. त्याच्या दाराशी उंच उंबरठा आहे आणि रात्री झोपेत उठल्यावर नेमका तोच पायाला लागतो. सासूबाईंसाठी आम्ही तिथे रात्रभर दिवा चालू ठेवला आणि त्यांच्या न घसरणाऱ्या चपला घरून नेल्या. खिडकी नसलेल्या खोलीत दिवा मालवला की दिवस आहे की रात्र हे कळत नाही. तरुणांना त्याचे काही वाटत नाही, परंतु आईंना भीती असेल तर मी खिडकीवर नक्की खर्च करीन. सज्जाची गरज नाही, कारण उघडा डेक सर्वांसाठीच असतो.

जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळते, आणि रात्रीच्या जेवणाला दोन पाळ्या असतील तर लवकरची पाळी मागून घेता येते. बाबांसाठी दोन जेवणांच्या मधले काही हवे असेल तर ते कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देतीलच असे नाही. इस्त्री, किटली, मेणबत्ती यांना तर स्पष्ट मनाई असते.

खर्चाविषयी एक अनुभव सांगते. आम्ही एका एजंटामार्फत आरक्षण केले होते. त्याने सांगितलेल्या रकमेत बंदर शुल्क, सेवकांची बक्षिसी आणि जी.एस.टी. धरलेच नव्हते आणि अंतिम आकडा पाहून आम्ही चकित झालो. ‘सर्व धरून एकूण किती’ हे लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची किल्ली असलेल्या कार्डावरच सगळी खरेदी नोंदवली जाते आणि शेवटी हिशेब होतो.

किनारा मागे पडला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. फोन विमान स्थितीत ठेवणे फार आवश्यक आहे, कारण चुकून जहाजावरील उपग्रह नेटवर्क पकडले गेले तर मोठे बिल येऊ शकते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की उद्या सकाळपर्यंत फोन लागणार नाही.

जुना खलाशी

मी मर्चंट नेव्हीत ३१ वर्षे काढली आणि माझे वडीलही तुमच्या बाबांसारखेच भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला जात असत, म्हणून हेलकाव्यांविषयी जरा सविस्तर लिहितो.

आपल्या आईंना जी बोट लागली ती आणि हे जहाज यांची तुलनाच होऊ शकत नाही. किनाऱ्याच्या त्या बोटी लहान होत्या, बंदरोबंदरी थांबत होत्या, आणि थांबलेली बोट चालत्या बोटीपेक्षा अधिक हलते. त्यात पडावात उतरताना तर लाटेबरोबर वर-खाली होणे आलेच. ‘एम्प्रेस’ सुमारे ४८,५०० टनांचे आहे. ते १९९०मध्ये फ्रान्समधील सें-नाझेर येथे बांधले गेले, त्या वेळी त्याचे नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होते, आणि मायामीहून बहामा बेटांकडे जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठीच त्याची रचना केली होती. म्हणजे छोटी क्रूझ हेच त्याचे मूळ काम आहे. अशा जहाजांच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परांसारखी स्थिरक पाती असतात. जहाज वेगात असताना ती पाण्याला विरुद्ध दिशेने दाबून डोलणे कमी करतात. वेग कमी झाला की त्यांचा उपयोगही कमी होतो, त्यामुळे बंदरात शिरताना जरा जास्त हलल्यासारखे वाटले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

जानेवारी हा चांगला काळ आहे. पावसाळ्यात जुन्या बोटीही बंद असत आणि ही क्रूझही त्या महिन्यांत या किनाऱ्यावर चालत नाही. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे ‘शमाल’ नावाचे वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा एक-दोन दिवसांनी वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. गोव्याला जाताना त्या मागून येतात, म्हणून फारशा जाणवत नाहीत. परत येताना त्या समोरून येतात आणि जहाजाचा पुढचा भाग थोडा वर-खाली होऊ शकतो. जाताना काहीच झाले नाही म्हणून येताना बोट लागू नये यासाठीची गोळी टाळू नये, असे मी मुद्दाम सांगतो.

खोली जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर घ्या. झोपाळ्याचे जसे टोक जास्त हलते तसेच जहाजाचे आहे, पुढचे आणि मागचे टोक व वरचे मजले जास्त हलतात. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाची नसते, ती आधीच घ्यावी लागते. एव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या चालतीलच असे नाही, म्हणून आई-बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आलेपाक किंवा सुंठ जवळ असू द्यावी. पोट अगदी रिकामे ठेवू नये, मोबाइलमध्ये डोके घालून बसू नये, आणि अस्वस्थ वाटल्यास उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे. डोळ्यांना स्थिर रेषा दिसली की कानांतल्या तोलाच्या जाणिवेशी त्यांचा मेळ बसतो आणि मळमळ ओसरते.

निघण्यापूर्वी सुरक्षा सराव होतो. तो कंटाळवाणा म्हणून टाळू नका. जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाले, तेव्हा नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे तो २४ तासांत केव्हाही घेता येत असे. २०१५पासून तो जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, ही धोक्याची खूण आहे. आईंना एकत्र जमण्याची जागा प्रत्यक्ष चालत नेऊन दाखवा, म्हणजे त्यांची भीतीही कमी होईल.

वास्कोकर

मी मुरगाव बंदराजवळच राहतो, म्हणून गोव्यापुरते लिहितो. जहाज पणजीला नव्हे, मुरगावला लागते. वास्को शहर तिथून चार-पाच किलोमीटरवर आहे. मंगेशी रस्त्याने साधारण पाऊण ते एक तासावर आहे आणि तुमच्या फेरीत सहा-सात तास मिळत असतील तर ते निश्चित जमेल, परंतु त्याच दिवशी मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा आणि शिवाय पणजी असा बेत करू नये. परत चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते आणि ती चुकली तर जहाज थांबत नाही. गाडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, कारण बंदराच्या फाटकाबाहेर त्या वेळी बरीच गर्दी असते. आईंना एवढा प्रवास झेपेलसा वाटला नाही, तर वास्कोतच श्री दामोदराचे देऊळ आहे. तिथे शांतपणे दर्शन घेऊन, घरगुती जेवण जेवून दोन-अडीच तासांत परत जाता येते.

अबोली

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, याबद्दल मनापासून आभारी आहे. खालच्या डेकवरची, मध्यभागाची खिडकीची खोली आम्ही आज नक्की केली आणि सर्व शुल्के धरून होणारी रक्कम लेखी मागवली आहे. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. आईला खलाशीकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. थांबलेली बोट जास्त हलते हे ऐकून ती म्हणाली की तिला त्रास झाला तो रत्नागिरीला बोट उभी असतानाच, हे तिच्या आजवर लक्षातच आले नव्हते.

बाबांचा मात्र एक वेगळाच प्रश्न आहे. जहाज देवगडसमोरून जाईल का, आणि जात असेल तर ते किती वाजता?

जुना खलाशी

मुंबई ते मुरगाव हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे आणि देवगड त्यातले साधारण दीडशे मैलांवर येते. सायंकाळी सहाला निघून ताशी पंधरा मैलांचा वेग धरला, तर पहाटे चारच्या सुमारास जहाज देवगडच्या समोर असेल. जहाज किनाऱ्यापासून किती दूरवरून जाईल हे त्या रात्रीच्या मार्गावर अवलंबून आहे. हवा स्वच्छ असली आणि अंतर बेताचे असले, तर देवगडच्या दीपगृहाचा प्रकाश दिसू शकतो. निघाल्यावर स्वागतकक्षात विचारले तर ते ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षातून, नेमकी वेळ विचारून सांगतील.

निघतानाही बाबांना वर घेऊन जा. उजेड असला तर कुलाब्याची दांडी ओलांडल्यावर डाव्या हाताला खांदेरी बेट दिसेल. १६७९मध्ये महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, आणि २०२५मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे.

पहाटे डेकवर वारा बोचरा असतो आणि दव पडून फळ्या ओल्या होतात, म्हणून कानटोपी, जाड कोट आणि घट्ट बुटांशिवाय त्यांना वर नेऊ नका, आणि एका हाताने कठडा धरूनच चालायला सांगा. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या बाजूला राहतो. त्या बाजूचे डेकवरचे मोठे दिवे जिथे डोळ्यांवर येणार नाहीत अशा जागी उभे राहा, अंधाराची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटे द्या आणि मग क्षितिजाच्या रेषेवर ठरावीक अंतराने लुकलुकणारा उजेड शोधा.