सरकारी वकील दोषारोपपत्र ‘फेटाळतो’ का? छाननी, मंजुरी, खुलासा आणि बी रिपोर्ट

प्रश्न (खानापूर)

एकाच घटनेसाठी आपल्याकडच्या, म्हणजे बेळगाव सीमाभागातल्या, मराठी बातम्यांत तीन वाक्यं वाचायला मिळतात: ‘सरकारी वकिलांनी दोषारोपपत्र फेटाळले’, ‘सरकारी वकिलांनी मंजुरी नाकारली’, ‘सरकारी वकिलांकडून फेरतपासाचे आदेश’. घडलेलं इतकंच असतं की फौजदारांनी कागद तयार केले, वकिलांनी ते परत पाठवले आणि दोघांत वाजलं. कन्नडमध्ये याला परिशीलने म्हणतात. मराठीत नेमका शब्द कोणता?

उत्तर (टिळकवाडी)

तिन्ही वाक्यं चूक आहेत.

अर्ज फेटाळतं ते कोर्ट. सरकारी वकील हा तपासी अंमलदाराचा वरिष्ठ नाही, त्यामुळे त्याच्या हातून ‘फेटाळणे’ होत नाही आणि ‘आदेश’ही निघत नाही. तो करतो ती छाननी. महाराष्ट्रातल्या पोलिसी कागदात ‘त्रुटी काढून परत’ असं लिहितात, ते मला सगळ्यात नेटकं वाटतं. ‘परिशीलन’ मात्र घेऊ नका. कन्नड परिशीलने म्हणजे कागदांची पडताळणी, मराठी परिशीलन म्हणजे एखाद्या विषयाचा सखोल अभ्यास. ‘वकिलांनी दोषारोपपत्राचे परिशीलन केले’ असं लिहिलं तर ते संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचत बसल्यासारखे वाटतात.

‘तपासणी’ही टाळावं. ‘तपास’ हा शब्द पोलिसांसाठी राखलेला आहे, आणि ‘तपासणी’ सरतपासणी-उलटतपासणीत गुंतलेली आहे. ‘सरकारी वकिलांनी तपास केला’ असं वाक्य छापून येतं तेव्हा तर कायद्यात नसलेला अधिकारच त्यांना बहाल होतो.

निपाणी

छाननीत नेमकं काय बघतात तेही सांगा, म्हणजे ‘त्रुटी’ शब्दाला वजन येईल.

टिळकवाडी

भांडण जिथे होतं तेवढंच सांगतो. पंचनाम्याची वेळ फिर्याद नोंदवण्याच्या वेळेशी जुळते का? मुद्देमालाचा पी.एफ. (प्रॉपर्टी फॉर्म) नंबर, सीलचा नमुना आणि प्रयोगशाळेची पोच यांत एकच वर्णन आहे का? जप्तीत ‘लाकडी दांडकं, लांबी अडीच फूट’ आणि प्रयोगशाळेच्या पत्रात ‘काठी’ असेल तर बचावाला आयतं सापडतं. साक्षीदाराच्या पोलिसी जबाबावर सही घेतली आहे का? ती घ्यायची नसते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 162 प्रमाणे आणि तिच्या जागी आलेल्या आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 प्रमाणेही. मोबाईल किंवा सीसीटीव्हीचा पुरावा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं. त्यात भाग अ आणि भाग ब दोन्ही भरावे लागतात, हॅश व्हॅल्यूसकट (फाईलची ओळख पटवणारा आकडा). भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो आणि नेमका तोच कोरा येतो. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 खाली आलं आहे. ते नसेल तर त्रुटी, आणि असून त्याची नोंद पंचनाम्यात नसेल तरीही त्रुटी.

खरा वाद यातल्या कशावरून पेटत नाही, तो मुदतीवरून पेटतो. आरोपी कोठडीत असेल तर फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवस, बाकीच्यांत 60 दिवस. तेवढ्यात दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीने मागितलेला जामीन कोर्टाला नाकारता येत नाही. फाईल पंच्याऐंशीव्या दिवशी वकिलांच्या टेबलावर आली, की ‘वेळेत छाननी केली नाही’ हा पोलिसांचा ठपका आणि ‘वेळेत कागद दिले नाहीत’ हा वकिलांचा. याला कुणी ‘डिफॉल्ट जामीन’ म्हणतात. मराठीत ‘मुदत टळल्याने जामीन’ म्हणावं. ‘हक्काचा जामीन’ म्हटलं की जामीनपात्र गुन्ह्याशी गल्लत होते.

निपाणी

‘मंजुरी’बद्दल मी भर घालतो. मंजुरी हा शब्द आधीच व्यापलेला आहे. लोकसेवकावर खटला भरण्यासाठी सरकारची लागते ती मंजुरी, जुन्या संहितेतलं कलम 197, आता नव्या संहितेतलं 218. कन्नडमध्येही तिला अभियोजना मंजुराती म्हणतात. तोच शब्द सरकारी वकिलांच्या छाननीला लावला की वाचकाला वाटतं, वकिलाने होकार दिल्याशिवाय दोषारोपपत्र दाखलच होत नाही.

कायदा तसं म्हणत नाही. सरला विरुद्ध वेलू (2000) या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने पोलिसांना सरकारी वकिलांचं मत घेऊन नवं दोषारोपपत्र दाखल करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कुणावर दोषारोपपत्र ठेवायचं हे मत पोलिसांनीच बनवायचं, ते वकिलावर सोपवता येत नाही, असं ठरलं. म्हणून तिथे शब्द ‘अभिप्राय’. मागता येतो, मिळतो, पण बांधत नाही.

खानापूर

मग अभिप्राय दुर्लक्षिला तरी चालतो?

निपाणी

शब्दाने चालतो, व्यवहारात अवघड जातं. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई (2014) मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की तपास संपल्यावर अभियोग पक्षाने कागद डोळ्यांखालून घालावेत, उणिवा भरून घ्याव्यात, गरज पडल्यास पुढील तपास करवून घ्यावा, आणि निर्दोष सुटका झाली तर चूक कुणाची ते ठरवून त्या अधिकाऱ्यावर खात्याने कारवाई करावी. दोन निकाल एकमेकांच्या विरोधात नाहीत, पण दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा निकाल पुढे करतात. फौजदार 2000 चा, वकील 2014 चा. नव्या संहितेच्या कलम 20 मध्ये तर सात वर्षांपासून दहा वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस अहवालाची छाननी हे अभियोग खात्याच्या उपसंचालकांचं काम म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ‘छाननी’ला आता कायद्याचा आधार आहे, ‘मंजुरी’ला नाही.

आणखी एक. ‘पोलिसांचे वकील’ हा बोलण्यातला शब्दही जाऊ द्या. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र (1995) मध्ये सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या अंमलाखालून बाहेर काढायला सांगितलं गेलं. ते सरकारचे आहेत, ठाण्याचे नाहीत. कर्नाटकात त्यांचं खातं वेगळं: अभियोजन आणि सरकारी व्याज्य खातं. यातलं ‘व्याज्य’ म्हणजे कोर्टातला दावा. व्याजाशी त्याचा संबंध नाही.

बैलहोंगल

अभियोजक की अभियोक्ता?

टिळकवाडी

कन्नड पत्रात अभियोजक, महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत अभियोक्ता. बोलताना दोन्हीकडे सरकारी वकील. मराठी बातमीत सरकारी वकीलच लिहावं.

चंदगड

सीमेपलीकडून एक गोंधळ. बेळगावच्या बातमीत ‘बी रिपोर्ट’ येतो तो आमच्याकडची ‘ब समरी’च का?

टिळकवाडी

नाही. महाराष्ट्रात तीन समऱ्या, म्हणजे खटला न भरता तपास बंद करताना पोलीस कोर्टाला देतात ते अहवाल: अ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ब म्हणजे फिर्यादच खोडसाळ व खोटी, क म्हणजे धड खरी नाही धड खोटी नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. कर्नाटकात बी रिपोर्ट म्हणजे खटला भरण्याजोगं काही निघालं नाही, मग ते खोटेपणामुळे असो, गैरसमजामुळे असो की पुराव्याअभावी. सी रिपोर्ट म्हणजे गुन्हा उघडकीला आला नाही. तेव्हा बेळगावचा सी हा कोल्हापूरचा अ. ‘बी रिपोर्ट दाखल’ याचा अर्थ ‘फिर्यादी खोटा ठरला’ असा छापला तर फिर्यादीवर अन्याय होतो, आणि बी रिपोर्टवरून वकील-पोलीस वाद झाला तर वाचकाला उलटंच चित्र दिसतं.

खानापूर

‘खुलासा’बद्दल विचारायचं राहिलं. कन्नड बातमीत ‘आरोपी खुलासे’ असं असतं.

निपाणी

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द. कन्नड खुलासे म्हणजे निर्दोष सुटका, मराठी खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. सुटकेनंतर तपासी अंमलदाराकडून खुलासा मागवला जातो, तेव्हा एकाच प्रकरणात दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. भाषांतर करणाऱ्याने घाई केली की ‘आरोपीचा खुलासा’ छापून येतो आणि सुटलेला माणूस स्पष्टीकरण देत फिरतोय असं वाटतं. ‘दोषमुक्त’ही इथे नको, तो खटला चालण्याआधीच वगळण्यासाठी वापरतात. इथे ‘निर्दोष मुक्तता’.

तसंच ‘विचारणे’. कन्नडमध्ये ती कोर्टातली सुनावणी, मराठीत नुसता प्रश्न.

बैलहोंगल

‘फेरतपास’ राहिला.

टिळकवाडी

तपास अपुरा म्हणून आणखी करायचा तो ‘पुढील तपास’. त्यातून पुरवणी दोषारोपपत्र येतं आणि आधीचं तसंच राहतं. जुना बाजूला ठेवून नव्याने करायचा तो ‘फेरतपास’, आणि विनय त्यागी (2012) निकालाप्रमाणे तो आदेश वरच्या न्यायालयांनीच द्यायचा. सरकारी वकील पत्रातून सुचवतात तो नेहमी पुढील तपास असतो. खटला सुरू झाल्यावर त्यालाही कोर्टाची परवानगी लागते, मुदत 90 दिवस, वाढवायची तर पुन्हा कोर्टाकडे.

निपाणी

आपल्या भागातली एक त्रुटी मात्र कुठल्याच यादीत नसते. साक्षीदार मराठीत सांगतो, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. ‘त्याने दादाला मारलं’ यात मारलं म्हणजे हात उगारून मारलं की जिवे मारलं, हे मराठीत संदर्भावरून कळतं. कन्नडमध्ये लिहिणाऱ्याला होडेद (हाताने वा कशाने मारलं) किंवा कोंद (जिवे मारलं) यातलं एक निवडावंच लागतं. कोर्टात साक्षीदार पुन्हा ‘मारलं’ म्हणतो, बचावाचा वकील कन्नड जबाब पुढे करून विसंगती दाखवतो, आणि साक्षीदाराला ‘फितूर’ म्हटलं जातं. वकील म्हणतात जबाब नीट लिहिला नाही, पोलीस म्हणतात साक्षीदार फिरला. जबाबात मूळ मराठी क्रियापद जसंच्या तसं ठेवून त्यापुढे कन्नड अर्थ लिहिला, आणि वाचून दाखवताना मराठीतून सांगितलं, तर हा वाद ठाण्यातच मिटतो.