बाइंडच्या डीएनएस सर्व्हरला घरून आदेश देताना जोडणी तुटते : कारण काय असावे?

प्रश्न (पुसद तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. आमची केबलवरून इंटरनेट पुरवण्याची लहानशी सेवा आहे. संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आकडी पत्ते शोधून देणारा तिचा डीएनएस सर्व्हर पुसदच्या दुकानातील एका जुन्या संगणकावर चालतो. त्यावर डेबियन (लिनक्स प्रणाली) आणि बाइंड ९ (डीएनएसचे काम करणारे सॉफ्टवेअर) आहे. माझे गाव तेथून २४ किलोमीटर आत असून पावसाळ्यात वाटेवरचा नाला भरला की दिवसदिवस पलीकडे जाता येत नाही. म्हणून बदललेली झोन फाइल (नावे आणि पत्त्यांच्या नोंदी) पुन्हा वाचायला लावणे, कॅशे (साठवून ठेवलेली उत्तरे) रिकामी करणे ही कामे मी घरच्या लॅपटॉपवरून आरएनडीसी या बाइंडला आदेश देण्याच्या साधनाने करतो. त्यासाठी सर्व्हरचा ९५३ क्रमांकाचा पोर्ट (आरएनडीसीची जोडणी स्वीकारणारे दार) सर्व पत्त्यांसाठी खुला ठेवला आणि आदेशांवर सही करणाऱ्या गुप्त किल्लीची फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली.

दोन महिने काम सुरळीत चालले. गेल्या आठवड्यात रात्रभर वीज नव्हती, इन्व्हर्टरही संपला, आणि सकाळी सर्व्हर सुरू झाल्यापासून आरएनडीसी चालत नाही. जोडणी बंद केली गेली, असा संदेश येतो आणि त्याखाली परवानगी नसणे, घड्याळे न जुळणे, सहीचा अल्गोरिदम (गणिती पद्धत) चुकीचा असणे, किल्ली अवैध असणे अशा शक्यता दिसतात. किल्लीला मी हात लावलेला नाही. एसएसएचने (दुरून संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) सर्व्हरच्या आत जाता येते. त्याच सकाळपासून ग्राहकांची संकेतस्थळेही उघडत नव्हती, म्हणून त्यांना तात्पुरता गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा ८.८.८.८ हा पत्ता दिला आहे. या दोन अडचणींचा एकमेकींशी संबंध असेल का?

उत्तर (अचलपूर)

भाऊ, संबंध असावा. एसएसएचने आत जाऊन तेथूनच आरएनडीसी स्टेटस चालवून पाहा आणि डेट आदेशाने तारीख तपासा. आदेश तेथे चालला, तर किल्ली आणि अल्गोरिदम निर्दोष ठरतात. आरएनडीसीच्या प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याच्या घड्याळातील वेळ असते आणि ती सर्व्हरच्या वेळेपेक्षा पाच मिनिटांहून अधिक मागे-पुढे असेल, तर सर्व्हर तो संदेश नाकारतो. कोणी जुना संदेश टिपून पुन्हा पाठवू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

प्रश्नकर्ता

आदेश तेथे चालला. तारीख मात्र दोन वर्षे मागची आहे! पण वेळ जुळवणारी सेवा चालू असताना असे कसे झाले?

उत्तर (अचलपूर)

मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला असणार. वीज पूर्ण गेली की घड्याळ मागे जाते. पुढचा गुंता असा, की डीएनएसएसईसीच्या, म्हणजे डीएनएसची उत्तरे खरी असल्याची खात्री देणाऱ्या, सह्यांना आरंभाची आणि समाप्तीची वेळ असते. तुमच्या घड्याळाच्या हिशेबाने आजच्या सह्या अजून लागूच झालेल्या नाहीत, त्यामुळे पडताळणी करणारा बाइंड प्रत्येक उत्तर नाकारतो आणि ग्राहकांची संकेतस्थळे उघडत नाहीत. वेळ देणाऱ्या सर्व्हरचे नाव शोधण्यासाठीही तो संगणक स्वतःच्याच बाइंडला विचारत असेल, तर ते नाव सापडत नाही आणि घड्याळ कधीच दुरुस्त होत नाही.

आता वेळ हाताने लावून बाइंड पुन्हा सुरू करा. नंतर क्रोनी (वेळ जुळवणारे सॉफ्टवेअर) बसवून त्यात वेळ देणारा निदान एक सर्व्हर आकडी पत्त्याने लिहा, क्लाउडफ्लेअरचा १६२.१५९.२००.१ चालतो. सुरुवातीला मोठा फरक एकदम भरून काढण्यासाठी मेकस्टेप ही ओळही ठेवा. पडताळणी बंद करून वाट काढू नका, कारण दोष पडताळणीत नाही.

उत्तर (हिंगणघाट)

मी एका संस्थेचे असेच काम पाहते, म्हणून पोर्टविषयी आग्रहाने सांगते. ९५३ जगासाठी खुला ठेवू नका. आरएनडीसी संदेशांवर सही करते, पण ते गुप्त लिपीत बदलत नाही. तुम्ही काय आदेश दिला आणि काय उत्तर आले, हे वाटेत वाचता येते. शिवाय ती किल्ली ज्याच्या हाती पडेल, तो तुमचा सर्व्हर बंदही करू शकतो.

बाइंडच्या सेटिंगमधील कंट्रोल्स विभागात फक्त १२७.०.०.१ (त्याच संगणकाचा स्वतःचा पत्ता) ठेवा. एसएसएच चालतेच आहे, तर लॅपटॉपवरचा एखादा मोकळा पोर्ट, समजा १९५३, एसएसएचच्या बोगद्याने (तिच्या सुरक्षित जोडणीतून) सर्व्हरच्या ९५३ शी जोडा आणि आरएनडीसीला तो पोर्ट द्या. घरच्या मोबाइल इंटरनेटचा पत्ता सतत बदलतो, त्यामुळे ठराविक पत्त्यांची यादी करून तुमचे भागणार नाही. बोगद्याला ती अडचण नाही. मात्र वेळेची तपासणी बोगद्यातूनही होतेच. आरएनडीसी-कॉन्फजेन या आदेशाने नवी किल्ली तयार करा आणि लॅपटॉपवरील फाइल फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी ठेवा.

आणखी एक. आरएनडीसीने बाइंड थांबवता येतो, पण सुरू करता येत नाही. स्टॉप दिल्यावर पुन्हा सुरू करण्यासाठी एसएसएच लागेल आणि तीही चालली नाही तर पुसदला जावे लागेल, म्हणून नाला भरलेला असताना तो आदेश देऊ नका.

प्रश्नकर्ता

ताई, भाऊ, मनापासून आभार. वेळ लावून बाइंड पुन्हा सुरू करताच संकेतस्थळे उघडू लागली, आणि बोगद्यातून आरएनडीसी स्टेटसही मिळाला. ९५३ बाहेरून बंद केला आहे. सेल उद्या पुसदला जाऊन बदलतो. तोवर ग्राहकांना ८.८.८.८ च ठेवला आहे.